एक ओळ मागून

"लग्न निघालंय का बाई घरात?" भांड्यांच्या दुकानातल्या बोराशेठनी विचारलं.

गल्ल्यापुढच्या फळीवर मी एक झारा, एक उलथनं, एक लाटणं आणि एक विळी मांडून ठेवली होती.

"लग्न नाही शेठ. नाताळ आहे."

"मग हे सगळं?"

"भेटी आहेत. एकेक वस्तू वेगळी बांधून द्या. चांगल्या रंगीत कागदात. आणि आत काय आहे ते वरून कळायला नको."

शेठनी विळी उचलून उलटीपालटी करून पाहिली. "बाई, विळी कशीही बांधली तरी ती विळीच दिसणार."

"खोक्यात घाला की."

शेवटी मिक्सरचं एक रिकामं खोकं सापडलं, त्यात ती बसली. वरून शेठनी हौसेनं चंदेरी फीत बांधली. "ज्यांना मिळेल ते खूश होतील बघा," असं म्हणाले. मी नुसते पैसे मोजून दिले. तशी मी फार बोलणारी नव्हेच. घरात मला कुणी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नव्हतं. आमच्या गायनमंडळातल्या बाया तर म्हणत, कुमुदवहिनी गाते की नुसते ओठ हलवते ते देवालाच ठाऊक.

ही गोष्ट बरीच जुनी. आमचं गाव नगरकडचं. मिशनच्या जुन्या आवारात आमचं, म्हणजे अमोलिकांचं घर, समोर शाळेचं मैदान, आणि मैदानापलीकडे देऊळ. बाहेरचे लोक चर्च म्हणतात, आम्ही देऊळच म्हणतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून देवळाची घंटा दिसायची. वाजली की ऐकूही यायची, पण वारा कसा आहे त्यावर ते असे.

त्या वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आम्ही देवळातून परत आलो. सासूबाई चपला काढता काढता उंबऱ्यावरच टेकल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. नाव राहेलबाई, पण सगळं आवार त्यांना 'आई'च म्हणे. बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं,

"कुमुद, नाताळच्या सकाळी देवळात काय काय असतं गं?"

मला वाटलं, वयामुळे काहीतरी विसरल्या. "म्हणजे काय आई?"

"म्हणजे फुलं कुठे लावतात? मेणबत्त्या आधी पेटवतात, का गीत आधी होतं?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"कुठून असणार? आमच्या खेड्यात देऊळ नव्हतं. उपासना घेणारे पाळक घोड्यावरून यायचे, ते नाताळ होऊन गेल्यावर. मग लग्न होऊन इथे आले ती दर नाताळला चुलीपुढेच." त्या हसल्या. "तुझे सासरे म्हणायचे, राहेल, देवळातून मंडळी येतील ती भुकेली येतील, पुलावाची वाफ निघताना दिसली पाहिजे. मग उपासनेच्या वेळीच शिजवायला नको का?"

मी त्यांच्या चपला उचलून कोनाड्यात ठेवल्या. लग्न झाल्यापासून मीही त्याच चुलीपुढे होते. पण मी निदान माहेरी असताना बापाच्या मांडीवर बसून नाताळची उपासना पाहिली होती. ही बाई वर्षातला एकही रविवार चुकवत नव्हती, शुक्रवारचा उपास कधी मोडत नव्हती, अर्धं शास्त्र तोंडपाठ होतं तिला. आणि प्रभूच्या जन्माच्या दिवशी तिला प्रभूचं घर कसं दिसतं ते माहीत नव्हतं.

माझे नेम साधे. पहाटे गोधडीवर गुडघे टेकून प्रार्थना, मग बायबलचा एक अध्याय, मगच पाणी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यात एक भर घातली. म्हटलं, प्रभू, या नाताळला मी आईंना तुझ्या घरात बसवीन. तोवर गोडाचा कण तोंडात घालणार नाही.

आता नाताळच्या महिन्यात गोड सोडणं म्हणजे पोहणाऱ्यानं अंग कोरडं ठेवण्यासारखं. त्या महिन्यात आमच्या आवारात एक दिवस मोकळा जात नाही. महिलामंडळाची पार्टी, मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेची पार्टी, मिशन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन. संमेलनाला पंचवीस वर्षांपूर्वी नापास झालेलेसुद्धा कोट घालून येतात आणि एकमेकांच्या पाठी थोपटतात. या सगळ्यांच्या करंज्या, चकल्या, शंकरपाळे अमोलिकांच्या चुलीवर तळले जात. "वहिनींच्या हाताला जी चव आहे ना," असं एकदा कुणी म्हटलं की डबे आमच्याकडे.

"केक घ्या की कुमुदवहिनी," महिलामंडळाच्या पार्टीत पाळकबाईंनी आग्रह केला.

"नको."

"साखर निघाली की काय?"

"तसंच समजा."

दोन दिवसांत सगळ्या आवारात झालं, कुमुदला साखर झाली. शेजारच्या साळवेबाई कारल्याचा रस घेऊन आल्या. तो मी प्यायले. गोड नव्हता तो.

नाताळ दोन दिवसांवर आला तेव्हा माणसं उतरली. धाकटे दीर सुधाकरभाऊजी आणि जाऊ हेमलता पुण्याहून, नणंद सरोजवन्सं मुंबईहून. पोरंबाळं, गाद्या, पिशव्या, घर कसं भरून गेलं. मला माणसं आवडतात, खोटं सांगत नाही. जेवणं झाली, सगळे सुपारी कातरत बसले, तेव्हा मी म्हटलं,

"यंदा आईंना नाताळच्या उपासनेला न्यायचं म्हणते मी. मीही जाईन बरोबर. जेवणाचं आपण सगळ्यांनी वाटून घेऊ."

सुधाकरभाऊजी हसले. "ऐकलं का? आमची मार्था संपावर!"

मार्था हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. प्रभू घरी आला तेव्हा एक बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसली ती मरीया, आणि स्वयंपाकघरात राबत राहिली ती मार्था. प्रभूनं बरं म्हटलं ते मरीयेला. आमच्यात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

"प्रभूनं त्यात बरं कुणाला म्हटलंय, ते आठवतंय ना भाऊजी?" मी विचारलं.

"वहिनी, पण प्रभू जेवले असतील ते मार्थाच्याच हातचं!"

सगळे खो खो हसले. हेमलता म्हणाली, "ताई, मी तर गायनमंडळात आहे. पाळकसाहेबांनी मुद्दाम पत्र टाकून बोलावलंय." सरोजवन्सं म्हणाल्या, "आम्ही वर्षातून एकदा माहेरी यायचं आणि चुलीपुढे बसायचं? हे बरंय!"

"मग आचारी लावू," आमचे हे हळूच म्हणाले. हे शाळेत भूगोल शिकवायचे. साऱ्या जगाचे वारे ह्यांना ठाऊक होते, घरातले तेवढे ह्यांच्या अंगावर आले की हे वर्तमानपत्र उघडत.

"आचारी? अमोलिकांच्या घरी, नाताळला?" भाऊजींनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे हात केला. "बाबांना काय वाटेल?"

ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

दाराआडून आई म्हणाल्या, "पुरे गं कुमुद. कशाला माझ्यासाठी पोरांचा सण नासवतेस? मला खिडकीतून येतं ऐकू."

दुसऱ्या दिवशी मी बोराशेठच्या दुकानात गेले.

आमच्या मंडळीत चोवीस तारखेच्या संध्याकाळी देवळाच्या अंगणात 'झाड' असतं. सुरूचं मोठं झाड उभं करतात, त्याला पताका, दिवे, कापसाचं बर्फ. ज्याला कुणाला भेट द्यायची असेल त्यानं ती नाव घालून झाडाखाली आणून ठेवायची. मग नाताळबाबा येतो. त्या वर्षी शाळेतले ड्रिलचे उजागरे सर झाले होते. नाताळबाबा एकेक नाव पुकारतो. आमची रीत अशी, की नाव आलं की पुढे जायचं आणि तिथेच कागद फाडून भेट वर धरून सगळ्यांना दाखवायची. दिलेलं लपवायचं नाही, मिळालेलं झाकायचं नाही, असं जुन्या मिशनरीबाईंनी घालून दिलेलं. मला दर वर्षी घरच्यांकडून काहीतरी मिळे. कधी कुकर, कधी कढई, आदल्या वर्षी दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं पातेलं. मी ते वर धरलं की मंडळी टाळ्या वाजवत. भेट माझी, जेवण त्यांचं.

"सुधाकर अमोलिक!" नाताळबाबांनी पुकारलं.

भाऊजी ऐटीत गेले. कागद फाडला. आतून झारा निघाला. त्यांनी तो इकडून तिकडून पाहिला, मग हसून तलवारीसारखा वर धरला. अंगण हसून लोटपोट.

"हेमलता अमोलिक!" उलथनं.

"सरोज... आता गायकवाड झाल्या आपल्या सरोजताई!" लाटणं. वन्संच्या यजमानांनी लगेच डोक्यावर हात धरले, त्यावरही हशा पिकला.

मग ते चंदेरी फितीचं खोकं. "मिक्सर! मास्तरांना मिक्सर!" पोरं ओरडली. हे संकोचत पुढे गेले. विळी बाहेर आली तेव्हा उजागरे सरांची कापसाची दाढी हसून हसून निसटली.

"वहिनी, जोरदार थट्टा केलीत बरं का!" घरी येताना भाऊजी म्हणाले. झारा अजून त्यांच्या खांद्यावर होता. "तुमच्यात हा गुण आहे हे ठाऊक नव्हतं."

"थट्टा नाही भाऊजी," मी म्हटलं.

"तेच तर! चेहरा किती गंभीर!"

मी परत एकदा सांगितलं, थट्टा नाही. कुणी मनावर घेतलं नाही. जिला कुणी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नसतं, तिचं हळू बोललेलं तर कुणाच्या कानातच शिरत नाही.

नाताळच्या सकाळी मी प्रार्थना केली, अध्याय वाचला. मटण धुऊन हळद-मीठ लावून झाकून ठेवलं. मसाला वाटलेला होता, तांदूळ निवडलेले होते, सरपण चुलीशी रचलेलं होतं. कुणाला उपाशी मारायला मी निघाले नव्हते. चूल मात्र पेटवली नाही. मग आईंच्या ट्रंकेतून त्यांची ठेवणीतली पांढरी साडी काढली.

"वेडी का तू?" आई म्हणाल्या. "आधण कोण ठेवील?"

"ज्यांना काल झाडाखाली भेटी मिळाल्या ते."

"त्यांना येतं का काही! मटण कच्चं राहील. पाळकसाहेब जेवायला येतात."

"एक दिवस पाळकसाहेब कच्चं खातील. प्रभूनं गोठ्यात जन्म घेतला आई, तिथे कुणी पुलाव नव्हता केला."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रागावणार. तर त्यांनी हात पुढे केला, साडी घेतली आणि नुसतं म्हणाल्या, "निऱ्या तू घाल. माझ्यानं वाकवत नाही."

पहिली घंटा झाली तेव्हा आम्ही दोघी ओसरीवर आलो. आईंच्या पायात मोजे, अंगावर माझी शाल, हातात गीतांचं पुस्तक. घरात एव्हाना कुणीतरी चहा शोधायला स्वयंपाकघरात गेलं होतं, कारण आतून आवाज आला, "अहो! चूल थंड आहे!"

मग सगळेच बाहेर आले. हेमलता रेशमी साडीत, भाऊजी सुटात, सरोजवन्सं केसांत फुलं माळता माळता.

"वहिनी, हे काय?"

"देवळात निघालोय."

"आणि जेवण?"

"सगळं काढून ठेवलंय. शिजवायचं तेवढं बाकी आहे. भेटी आहेतच तुमच्याजवळ."

तेव्हा कुठे त्यांना कळलं. भाऊजींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हणजे काल चारचौघांत तुम्ही आम्हाला..."

"मी परवा घरातच विचारलं होतं भाऊजी. तुम्ही हसलात."

सरोजवन्सं पुढे आल्या. त्यांचा आवाज खरंच कापत होता. "वहिनी, तुमचं आमचं काय असेल ते राहू द्या. पण आईची तब्येत बघा. दोन तास त्या गार देवळात, या थंडीत. काही झालं म्हणजे?"

आईंचा हात माझ्या दंडावर होता. तो किंचित सैल झाला, जणू त्या परत फिरणार. मी तो घट्ट धरला.

"काही व्हायचं असेल तर देवळात होईल वन्सं," मी म्हटलं. "चुलीपुढे नाही होऊ देणार मी."

भाऊजी पायरीवर आडवे उभे राहिले होते, ते हलेनात. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर सारल्या आणि ती विळी घेऊन ओसरीच्या कडेला मांडी घालून बसले. विळीवर कसं बसतात ते ह्यांना ठाऊक नव्हतं. पातं स्वतःकडे करून बसले होते.

"तू जा," हे मला म्हणाले. "माझे सगळे नाताळ बघून झालेत." मग मान वर करून भावाकडे पाहिलं. वर्गात पोरांकडे पाहायचे तसं. "सुधा, बाजूला हो. आणि झारा घेऊन ये."

"अरे देवा, हा बोटं कापून घेईल!" सरोजवन्संनी हातातला गजरा तसाच केसांत खोचला आणि पदर कमरेला. "फिरव ती विळी आधी! ऊठ, मी चिरते कांदा. तू सरपण लाव."

भाऊजी पायरीवरून बाजूला झाले.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या दिवशीचं अमोलिकांचं जेवण कलत्या उन्हात झालं. पुलाव खाली लागला होता, मटणात मीठ दोनदा पडलं होतं, आणि पाळकसाहेबांनी दोन्ही निमूट खाल्लं. मी पहिली करंजी तोंडात घातली तेव्हा साळवेबाई किंचाळल्या, "अगं, साखर!" आईंना थंडीनं काहीही झालं नाही. त्यानंतर त्या आणखी कितीतरी नाताळ जगल्या आणि एकही चुकवला नाही. घरात भांडणंही झाली. भाऊजी एक वर्ष आलेच नाहीत, मग आले. मला सांगायचं आहे ते यातलं काही नाही. मला सांगायचं आहे ते देवळातलं.

मैदान ओलांडायला आम्हाला वेळ लागला; हेमलता गायनमंडळासाठी आमच्या पुढे निघून गेली. आत गेलो तेव्हा उपासना सुरू व्हायची होती. बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर जागा मिळाली. आईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी सगळं बघून घेतलं. खिडक्यांत झेंडूच्या माळा, व्यासपीठापुढे शेवंती, मेणबत्त्या.

"मेणबत्त्या आधी पेटवतात तर," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

मग पेटी वाजली आणि मंडळी उभी राहिली. नाताळचं पहिलं गीत. सगळ्या देवळानं एकदम पहिली ओळ उचलली. आई गप्प. पुस्तक उघडं, ओठ मिटलेले. मला वाटलं, भरून आलं असेल. ओळ संपली, मंडळी दुसरीवर गेली, आणि तेव्हा आईंनी पहिली ओळ म्हटली. स्वच्छ, खणखणीत, एकेक शब्द बरोबर.

मी त्यांच्या पुस्तकातल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली. पण मंडळी तिसऱ्या ओळीवर गेली तेव्हा कुठे त्यांनी दुसरी म्हटली.

समोरच्या बाकावरची दोन डोकी वळली. पेटीवाल्याचा हात जरा अडखळला. आईंना यातलं काहीच कळत नव्हतं. त्या डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलती करून उभ्या होत्या. ती मान मी ओळखली. स्वयंपाकघरात, चुलीशी, खिडकी डाव्या हाताला होती. मैदानावरून वाऱ्याबरोबर तुकड्यातुकड्यानं सूर यायचा. कुठलं गीत चाललंय, कितवं कडवं आहे, हे ऐकू आल्याशिवाय तिथे कळायचंच नाही. आधी ऐकायचं, मग म्हणायचं. इतके सगळे नाताळ त्या अशाच गायल्या होत्या. दुसरी तऱ्हाच त्यांना माहीत नव्हती. मी शेजारीच असायची, मसाला परतत, आणि मला वाटायचं आई गुणगुणताहेत.

गायनमंडळातून हेमलतानं माझ्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला होता तिचा. तिनं हळूच ओठांवर बोट ठेवलं, आणि डोळ्यांनी आईंकडे खुणावलं. गप्प करा त्यांना.

मी तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्या तोंडातली मंडळीची ओळ मी तिथेच सोडून दिली. थांबले. ओळ संपू दिली. आणि आईंबरोबर ती म्हटली. हळू नाही. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या माळ्यावर बसलेली पोरं वाकून बघायला लागली.

असं आम्ही सगळी कडवी म्हटली. शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ झाली, पेटी थांबली, मंडळी बसली. बाक करकरले, पुस्तकं मिटली, देवळात शांत झालं.

आमची एक ओळ उरली होती. ती आम्ही दोघींनी उभ्यानं म्हटली.